बरे झालेल्यांचा रकाना

अठरा वर्षं मी माणसांना बरं करते आहे. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. साधी कारकून. सरकारी दवाखान्याच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या बोळात, मानसिक आजारांच्या ओपीडीची एक खिडकी आहे, तिच्यामागे मी बसते. नाव विचारते, वय विचारते, केसपेपर काढते, नंबर देते. सगळा दवाखाना मला 'खिडकी' म्हणतो. "खिडकी आली का?" "खिडकी जेवायला गेली." सुरुवातीला राग यायचा, मग सवय झाली. राग काय, येतो आणि जातो. या खेपेचा मात्र जायचं नाव घेत नाही, म्हणून लिहायला बसले.

बरं कसं करते ते आधी सांगते. माझ्याकडे एक जाडजूड रजिस्टर आहे. त्यात प्रत्येक नावापुढे चार रकाने: नवीन, जुना, बरा, मृत. कामाला लागले तेव्हा जुन्या हेडक्लार्कनी मला ते भरायला शिकवलं. शर्टाच्या खिशाला तीन पेनं लावणारा, अक्षर मोत्यासारखं असणारा माणूस. मी विचारलं, "सर, जो पेशंट तीन महिने आलाच नाही, त्याला कुठे लिहायचं?"

"बरा."

"पण तो बरा झाला हे कशावरून?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अहो बाई, आजारी असता तर आला नसता का?"

तापाच्या, खोकल्याच्या ओपीडीत हे चालत असेल. खोकला थांबला की माणूस कशाला येतोय. पण आमच्या खोलीत येणाऱ्याचा आजार वाढला की त्याला पहिली जमेनाशी होणारी गोष्ट म्हणजे अंथरुणातून उठून इथवर येणं. हे मला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण महिनाअखेरीला बेरीज जुळवून वर पाठवायची असते आणि पाचवा रकाना छापलेला नाही. 'मृत' लिहायचं तर दाखला जोडावा लागतो. तो इथे आणून द्यायला कोणाला सवड आहे? त्यामुळे मेलेलेसुद्धा माझ्या रजिस्टरात बरे झाले.

आमची ओपीडी आठवड्यातून एकदा, बुधवारी, नऊ ते बारा. एक डॉक्टर मॅडम. एका माणसाच्या वाट्याला चार मिनिटं. समुपदेशकाची जागा सहा वर्षं रिकामी आहे, त्याच्या खुर्चीवर मी जुन्या फायली ठेवते. गोळ्या पंधरा दिवसांच्या मिळतात, तेही आल्या असतील तर. मॅडमनी वरच्या ऑफिसला नऊ पत्रं लिहिली. संध्याकाळी दोन तास ओपीडी ठेवा, म्हणजे कामाला जाणारी माणसं येतील. समुपदेशक द्या. गोळ्या महिन्याच्या द्या. नवव्या पत्राला उत्तर आलं, की आधीच्या आठ पत्रांच्या प्रती जोडाव्यात.

आणि मग तो आदेश आला.

सोमवारी दुपारी मॅडम तो कागद घेऊन माझ्या खिडकीशी आल्या. पन्नाशीच्या जवळच्या, कधी आवाज न चढवणाऱ्या बाई. त्यांनी तो मला वाचून दाखवला. आमच्या विभागातले पंचाऐंशी टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले असल्याने आणि उपस्थिती सातत्याने घटत असल्याने यापुढे ओपीडी महिन्यातल्या पहिल्या बुधवारीच भरेल. डॉक्टरांची बदली दुसरीकडे. पहिल्या बुधवारी बाहेरून कोणीतरी डॉक्टर येतील, उपलब्ध असल्यास. आणि खोली तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या विभागाला सामान ठेवायला द्यायची. तिसऱ्या मजल्यावर पैसे भरून शरीराच्या सगळ्या तपासण्या करून मिळतात. तिथे काचेचं दार आहे, गार हवा आहे, पाय बुडतील असा सोफा आहे. आमच्या बोळातलं बाकडं तीन पायांवर उभं आहे, चौथ्या पायाखाली वीट.

"खिडकी," मॅडम म्हणाल्या, "एवढी माणसं कोणी बरी केली हो? मी तर नाही केली."

मी रजिस्टरावर हात ठेवला.

"आधी एक दमडी टाकायची नाही, माणसं कंटाळून यायची बंद होतील असं बघायचं, आणि मग म्हणायचं, गर्दी नाही, बंद करा. बी पेरायचं नाही आणि पीक का नाही म्हणून शेतालाच शिव्या." असं म्हणून त्यांनी माझं रजिस्टर स्वतःकडे वळवून घेतलं. पान उलटत गेल्या. बरा, बरी, बरा, बरा. सगळं माझंच अक्षर. हेडक्लार्कांच्या हाताखाली घोटलेलं, मोत्यासारखं.

एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "हा तुमचा धाकटा भाऊ ना? पुठ्ठ्याचे खोके करायच्या कारखान्यात आहे तो? कसा आहे आता?"

"बरा आहे," मी म्हणाले.

बोलून गेले आणि मलाच कसंतरी झालं. दीड वर्षापूर्वी तो यायचा बंद झाला तेव्हा मला म्हणाला होता, "ताई, मी आता संध्याकाळी एका बाहेरच्या डॉक्टरकडे जातो. कामाला सुट्टी पडत नाही." मला हायसं वाटलं. तीन महिने झाले, महिनाअखेर आली, तीस-पस्तीस नावांची यादी समोर होती, त्यात त्याचं नाव होतं. मी हात न थांबवता लिहिलं, बरा. त्यानंतर त्याच्याकडे कितीतरी रविवारी जाऊन आले. तो दमलेला दिसायचा, पडलेला असायचा. कसा आहेस विचारलं की बरा आहे म्हणायचा. आणि माझा विश्वास बसायचा, कारण माझ्याकडेही तसंच लिहिलेलं होतं. स्वतःच्याच हस्ताक्षराला फसणारी मूर्ख बाई जगात दुसरी नसेल.

त्या रविवारी गेले. भावजय बाहेरच्या खोलीत दुसऱ्यांच्या कपड्यांना इस्त्री करत होती. खुर्च्यांवर, टेबलावर, दाराच्या कडीला लोकांचे शर्ट. हे काम तिने कधी धरलं ते मला ठाऊकच नव्हतं; इतके रविवार मी यायच्या आत ती ते आवरून ठेवत असणार. धाकटा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"झोपलायस का रे?"

"नाही."

"मग?"

"पडलोय."

"त्या डॉक्टरकडे जातोस ना अजून?"

बाहेरून भावजय म्हणाली, "दोनदा गेले, ताई. तिसऱ्यांदा फी ऐकली आणि जिन्यातूनच परत आले."

"कधीची गोष्ट?"

"झालं की सव्वा वर्ष." इस्त्रीचा आवाज काही थांबला नव्हता.

मग एकेक बाहेर पडलं. दवाखान्यात कशासाठी जातो हे कारखान्यात सांगायची सोय नव्हती. कटिंग मशीनवर डोक्याचा पेशंट कोण ठेवेल? म्हणून धाकट्याने दातांचं काम चालू आहे असं सांगून ठेवलं होतं. दर दुसऱ्या बुधवारी दात.

"फोरमन एकदा सगळ्यांदेखत म्हणाला, तुझं तोंड आहे का दातांचं गोदाम? किती वर्षं काढतोयस?" भिंतीकडे तोंड करूनच धाकटा हसला. "सगळे हसले. मीपण हसलो. आणि पुढच्या बुधवारपासून जाणं सोडलं."

गोळ्या बंद झाल्या. आधी झोप गेली, मग जेवण, मग हात थरथरायला लागले. एक दिवस सगळी थप्पी चुकीच्या मापाने कापली. चार महिन्यांपूर्वी त्याला घरी पाठवलं. दहा वर्षांत त्याने एक पुठ्ठा वाया घालवला नव्हता.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू दिवसभर लोकांना विचारत असतेस, काय होतंय. म्हटलं, रविवारी तरी नको."

मला रडायला यायला हवं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. कोणावर, तेच कळेना. त्याच्यावर, फोरमनवर, बुधवारवर, त्या तीन पेनांवर. शेवटी सांगून टाकलं. "मी तुला रजिस्टरात बरा लिहिलंय."

तेव्हा तो पहिल्यांदा वळला. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. माझ्याकडे बघत राहिला. "कधी?"

"झालं सव्वा वर्ष."

"मग सांगायचं नाही का, ताई. मी उगाच पडून राहिलोय."

लहानपणापासून त्याला हे एकच येतं. घर जळत असलं तरी हा काडेपेटी कुणाची म्हणून विचारेल.

"ओपीडी बंद करायला निघालेत," मी म्हणाले. "येत्या बुधवारनंतरच्या बुधवारी साहेब येणार आहेत, खोली ताब्यात घ्यायला. त्या दिवशी तू ये. मॅडम अजून आहेत तोवर ये."

"बघू."

आमच्या घरात बघू म्हणजे नाही. वडिलांपासूनची पद्धत आहे.

सोमवारी मी दोन वर्षांतल्या सगळ्या 'बऱ्यां'ची यादी काढली आणि जेवणाच्या सुट्टीत फोन लावायला बसले. दवाखान्याच्याच फोनवरून. कोणाला विचारलं नाही. मॅडमनी पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

एक बसचालक म्हणाला, "तीनदा आलो, तिन्हीदा गोळ्या नाहीत. चौथ्यांदा कशाला येऊ? तुमची खिडकी बघायला?" एका बाईने नुसतं "राँग नंबर" म्हणून फोन ठेवला आणि पाच मिनिटांनी स्वतः केला, हळू आवाजात. सासूला कळू द्यायचं नव्हतं. एक जण कडेवरच्या पोराला घेऊन दोन बस बदलून यायची. दुसरं पोर झालं आणि कडा संपल्या, असं तीच म्हणाली. एक दुकानदार मात्र खरोखर ठणठणीत होता. खूश झाला. "मीपण येऊ का?" "याच," मी म्हणाले. "एक तरी खरा दाखवता आला पाहिजे."

सगळ्यांना एकच सांगितलं. अमुक बुधवारी नऊला या. आजारी असाल तर तपासून घ्यायला या, नसाल तर नुसतं उभं राहायला या.

गुरुवारी एका नंबरावर म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला. मी त्यांच्या मुलाचं नाव घेतलं. तो शाळेत चित्रकला शिकवायचा, मला तो आठवत होता. केसपेपरच्या मागच्या बाजूला चिमण्या काढायचा आणि मी ओरडायची.

"तो गेला," त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षी. त्या आठवड्यात तुमच्याकडे येऊन गेला होता. गोळ्या आलेल्या नाहीत, पंधरा दिवसांनी या, म्हणालात. नाही थांबला तो पंधरा दिवस."

मी माफी मागितली. फोनवर काय मागणार, पण मागितली.

"तुम्ही फोन का केला होता?" त्यांनी विचारलं. "तुमच्या वहीत काय लिहिलंय?"

खोटं बोलता आलं असतं. अठरा वर्षं सरावच होता. "बरा झाला, असं लिहिलंय."

"कोणी लिहिलं?"

"मी."

ठेवला असेल म्हणून मी फोन खाली घेणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "बुधवारी किती वाजता यायचं?"

साहेबांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. आदेशावर सही करणारे आरोग्य खात्याचे हे मोठे साहेब मला नवे नव्हते. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी मॅडमनी मला खोली उघडायला बोलावलं होतं. मागच्या दाराने साहेब आले, बरोबर सोळा-सतरा वर्षांची मुलगी. तोंड ओढणीत. केसपेपर नाही, नंबर नाही. मॅडम तिच्याशी पन्नास मिनिटं बोलल्या. साहेब बाहेर, आमच्या वीटवाल्या बाकड्यावर, हातांची बोटं एकमेकांत गुंतवून बसले होते. असे सात-आठ रविवार झाले. मुलगी सावरली. चांगलं झालं, मनापासून सांगते. पुढे कॉलेजला गेली असं ऐकलं. मॅडमनी पैसे घेतले नाहीत, मी जादा कामाचा अर्ज केला नाही. त्या पोरीची चाल पहिल्या रविवारी कशी होती आणि आठव्या रविवारी कशी, हे मी पाहिलंय. आणि त्यांनीही पाहिलंय, म्हणून तर माझा संताप जास्त होता. न कळणाऱ्याने बंद केलं असतं तर समजलं असतं. या माणसाला सगळं कळत होतं.

तो बुधवार उजाडला. नऊला मी बोळ उघडला तेव्हा रांग जिन्यापर्यंत होती, दहाला फाटकाच्या बाहेर. बाकड्याची वीट निसटली, मग कोणी बसेना. बसचालक युनिफॉर्मवरच आला होता. कडा संपलेली बाई दोन्ही पोरं घेऊन. दुकानदार नवा शर्ट घालून, लग्नाला आल्यासारखा. आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून त्या चित्रकला मास्तरांच्या आई, छातीशी केसपेपर धरून. मी ओळखलं ते कागदावरून. मागच्या बाजूला चिमण्या होत्या.

धाकटा नव्हता. दर दोन मिनिटांनी मी मान लांब करून बघत होते.

साडेदहाला साहेब आले. बरोबर दोघं जण मोजपट्टी घेऊन, खोलीचं माप घ्यायला. रांग बघून ते थबकले. "ही गर्दी कसली? कसलं शिबिर आहे का?"

मी खिडकीतून बाहेर आले. अठरा वर्षांत कामाच्या वेळेत पहिल्यांदा. "नाही साहेब. हे बरे झालेले."

"म्हणजे?"

"तुमच्या आदेशात आहेत ना, पंचाऐंशी टक्के? तेच. सगळे नाही आले, ज्यांना जमलं ते आले. यातला एक खरंच बरा आहे, तो नव्या शर्टातला. बाकीच्यांना मॅडम बघताहेत."

दुकानदाराने हात वर केला. कोणी हसलं नाही.

साहेबांनी दारात आलेल्या मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हुशार माणूस, लगेच पकडलं. "म्हणजे रजिस्टर खोटं आहे."

"हो."

"कोणी भरलं?"

"मी भरलं. जो येत नाही तो बरा, असंच शिकवलं होतं."

"याचा अर्थ कळतो का तुम्हाला? खात्याला वर्षानुवर्षं खोटी आकडेवारी दिलीत तुम्ही. तुमच्यावर कारवाई होईल."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. पण मजा अशी, की तो चोर अर्धा बरोबर होता. लिहिणारा हात माझाच होता. म्हणून तर मला जास्त चेव आला.

"करा कारवाई," मी म्हणाले. "पण अठरा वर्षांत एकाही साहेबाने विचारलं नाही, की बाई, एक डॉक्टर, चार मिनिटं, पंधरवड्याच्या गोळ्या, आणि एवढी माणसं बरी कशी होताहेत? तुम्हाला आकडा आवडला. मला बेरीज जुळली म्हणून आवडला. आणि माणसं घरी भिंतीकडे तोंड करून पडली. माझा सख्खा भाऊ त्यातच आहे. दहा वर्षं मशीन चालवत होता. ही खोली संध्याकाळी दोन तास उघडी राहिली असती तर आजही चालवत असता. तेवढा दिवा आणि एक पगार वाचवलात तुम्ही. आता त्याचं घर बसलंय, बायको लोकांचे कपडे इस्त्री करते. हे कुठल्या बचतीत धरलंय ते सांगा."

"हे बघा, ही जागा..." साहेब बोलत होते, पण त्यांना थांबावं लागलं. मास्तरांच्या आई रांगेतून पुढे आल्या होत्या. लोक बाजूला झाले.

"साहेब," त्या म्हणाल्या, अगदी शांतपणे. "माझा मुलगा यांच्या वहीत बरा झालाय. तुमच्याही कागदात असेल."

"असेल आजी. मी बघायला सांगतो."

"मला एकदा दाखवा."

"काय दाखवू? नोंद?"

"मुलगा."

मोजपट्टीवाल्याच्या हातातून पट्टी सुटून खळ्‌कन डबीत परत गेली.

साहेबांनी केसपेपर बघितला, चिमण्या बघितल्या, मग नजर वळवायला जागा शोधली आणि ती नेमकी माझ्यावर आली. माझ्या जिभेच्या टोकावर होतं. तुमची मुलगी, तो रविवार, मागचं दार. दोनशे माणसांसमोर एका वाक्यात त्यांना उघडं पाडता आलं असतं, आणि मला ते हवंही होतं. पण तो सूड त्या पोरीवर निघाला असता, तिने माझं काय केलं होतं? तिचं नाव कुठल्या कागदावर नाही, ते नसू दे. या रांगेतल्या प्रत्येकाला तेच तर हवं होतं, कुणाला न सांगता, काम न सोडता, आपलं म्हणणं ऐकणारं कोणीतरी. तिला मिळालं. यांना का नाही, एवढाच प्रश्न होता.

म्हणून मी इतकंच म्हणाले, "साहेब, पन्नास मिनिटं मिळाली तर माणूस उभा राहतो. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

त्यांचा चेहरा उतरला. मोजपट्टीवाल्यांना म्हणाले, "आवरा." मग मॅडमना, "फेरतपासणी होईपर्यंत आदेशाला स्थगिती. तीन महिने." आणि गेले. रांगेतून जायचं टाळून, मागच्या दाराने. वाट पाठच होती.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि वाजवाव्यात असं काही झालंही नव्हतं. तीन महिने म्हणजे भिजत घोंगडं. समुपदेशक आला नाही, गोळ्या आल्या नाहीत, संध्याकाळ उघडली नाही. आला तो फक्त मेमो, तोही त्याच दिवशी दुपारी दोनला. नऊ पत्रांना वर्षं लागली, मेमोला तीन तास. 'रजिस्टरात खोट्या नोंदी का केल्या याचा लेखी खुलासा करावा आणि सदर रजिस्टर सायंकाळी पाचपूर्वी जमा करावे.' मी उलट टपाली खुलासा लिहिला, एका ओळीचा: खरं लिहायला रकाना नव्हता.

त्याआधी, साहेब गेल्या गेल्या, मी पट्टी घेतली आणि पेन्सिलीने पाचवा रकाना आखला. वर लिहिलं, 'यायचा थांबला.' त्याला लागून सहावा, 'का'. आणि खिडकीशी येईल त्याला विचारून भरायला लागले. बुधवार. गोळ्या नव्हत्या. दोन बस. बुधवार. सासू. बुधवार. मास्तरांच्या आईंना मी विचारलं नाही. त्यांनी रजिस्टर स्वतःकडे ओढून घेतलं, पेन मागितलं, मुलाच्या ओळीत 'का'खाली लिहिलं, 'पंधरा दिवसांनी या.' आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या. बघायला हवं होतं, असं मी म्हणणार नाही.

बारा वाजले, खिडकी बंद करायची वेळ झाली. मी केली नाही. मॅडम आतून म्हणाल्या, "पुढचा." एक वाजला, दोन वाजले, मेमो आला, तीन वाजले. त्या जेवल्याही नाहीत. रांग हळूहळू जिन्यापासून बोळापर्यंत, बोळातून बाकड्यापर्यंत आली. साडेचारला बोळ रिकामा झाला. मी रजिस्टर मिटलं, जमा करायला उठले.

तेव्हा जिन्याशी भावजय दिसली. तिने कोणाचा तरी हात धरला होता, आणि धरलेला माणूस दर दोन पावलांना थांबत होता. दाढी केलेली, गालावर कापल्याची खूण. शर्टाला कडक इस्त्री. चालत चालत तो खिडकीशी आला आणि कठड्याला धरून उभा राहिला. मी पुन्हा आत जाऊन बसले, रजिस्टर उघडलं. अठरा वर्षं सगळ्यांना विचारते तेच विचारलं.

"नवीन की जुना?"

"जुना," धाकटा म्हणाला. "मध्ये सव्वा वर्ष बरा होतो म्हणे."

त्याच्या ओळीतलं माझ्या हातचं 'बरा' मी खोडलं, शेजारी सही केली, आणि त्याला शेवटचा नंबर दिला.